पांढरं परत येतं

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे संग्रहालयाचं तळघर.
बाहेर पंचेचाळीस, आत मी स्वेटर घालून.
टेबलावर जॉर्डन नदी:
हातभर लांब, वीतभर रुंद,
कडांना कागद चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

साल १८५७. कोपऱ्यातली सही
कसरीने खाल्लीय, उरलाय फक्त शेवटचा 'र्ग'.
आम्ही त्याला र्गसाहेबच म्हणतो.

र्गसाहेब काही यात्रेकरू नव्हता.
आधी शिसपेन्सिलीने लिहून ठेवायचा, मग वरून रंग.
भिंगाखाली अजून दिसतं:
इथे धूळ.
उंटाला घाई नाही.
म्हातारीच्या हातात जोडे.
आणि ती म्हातारी खरंच चाललीय अनवाणी
याफाकडून वर, खडकांतून,
जोडे छातीशी, लेकरू धरावं तसे.
झिजू नयेत म्हणून?
की देवाच्या दारात नवे दिसावेत म्हणून?
माझी आई गासहून चर्चला निघायची
चपला पिशवीत घालून.
फाटकाशी पाय पुसायचे, मग चपला.
विचारलं तर म्हणायची, वाट काय बघतेय माझ्या पायांकडे.

मग ही नदी.
बर्फाच्या गावांतून महिनोन्‌महिने आलेली माणसं
गळ्यापर्यंत पाण्यात, अंगात पायघोळ सदरे.
चित्राखालची ओळ बदरियाने वाचून दाखवली:
हे सदरे वाळवून, घडी घालून घरी न्यायचे
आणि पुन्हा अंगात घालायचे ते एकदाच,
पेटीत.

पण चित्रात सदरे काळे आहेत.
कावळे उतरल्यासारखी नदी.

"काळे नव्हते," बदरिया म्हणते,
"शिशाचा पांढरा रंग हा. हवेतल्या गंधकाने काळा पडतो.
कुणाच्यातरी दिवाणखान्यात शंभर वर्षं
कोळशाचा धूर खात बसलं असणार."
माझ्या हातात ती तीन केसांचा कुंचला देते
आणि थेंबभर पेरॉक्साइड.
"घासायचं नाही. टेकवायचं आणि थांबायचं."

मी टेकवते.
काहीच होत नाही.
मग एक बाही तपकिरी,
मग राखाडी,
मग दुधावर साय धरावी तसं
कडेकडून आत येत जातं पांढरं.
मी श्वास सोडायची विसरते.

"माझ्या बाबांनी कफन झमझमच्या पाण्यात
भिजवून आणलं होतं," बदरिया मान वर न करता सांगते.
"अकरा वर्षं कपाटात. दर ईदेला आवराआवर करताना
आई चुकून तेच बाहेर काढायची,
आणि बाबा ओरडायचे: अजून नाही!"
ती हसते. मग डोळ्याला भिंग लावून
बराच वेळ एकाच उंटाकडे बघत राहते.

आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात
डांबरगोळ्यांखाली आईचं लाल लुगडं आहे.
तेच नेसवा म्हणाली. पांढरं नको,
मी काय मड्डम आहे?
हे मी बदरियाला सांगत नाही. उद्या सांगेन.

संध्याकाळपर्यंत चौदा सदरे उजळले.
पंधरावा काठावर, एका पोराच्या अंगात.
त्याच्यापाशी कुंचला नेला
तर तो आधीच पांढरा.
रंगच नाही तिथे. नुसता कागद,
भोवतीच्या काळ्या नदीने ठेवलेली मोकळी जागा.
खाली दोनच शब्द, पेन्सिलीत:
हा उतरला नाही.

कुंचला मी धुऊन ठेवला.

आज शुक्रवार. म्हणजे आमचा इथला रविवार.
मिस्साला जाताना बसमध्ये आईचा फोन.
आज काय केलंस?
नदी धुतली, म्हटलं.
तिला वाटलं, चेष्टा.
कुठली गं नदी तिकडे?
नाही आई, नदी नाही. समुद्रच आहे.
तोच पितो आम्ही, मीठ काढून.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली,
उकळून पी.